सामुदायिक सेवेची शिक्षा भोगणाऱ्याच्या मनाकडे कोणी पाहायचे?

पांझराकाठ (धागाकर्ती)
नमस्कार. मी धुळे जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. न्यायालयाने आमच्याकडे एका तरुणाला सामुदायिक सेवेसाठी पाठवले आहे. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून त्यातले तांबे भंगारात विकल्याचा गुन्हा होता. माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि किंमत त्याच्या आईने भरून दिलेली, म्हणून तुरुंगाऐवजी पंधरा दिवस, रोज चार तास रुग्णालयात काम अशी शिक्षा झाली.

पहिल्या दिवशी तो तोंडाला रुमाल बांधून आला. मे महिन्यात आमच्याकडे सगळेच रुमाल बांधतात, त्यामुळे कोणाला काही वाटले नाही. मात्र व्हरांड्यात, सावलीत आल्यावरही त्याने रुमाल सोडला नाही आणि तहान लागली की तो बाटली घेऊन शवविच्छेदन खोलीच्या मागे जाऊन पाणी पीत असे. तिसऱ्या दिवशी केसपेपरच्या रांगेत त्याच्याच गावचा एक माणूस उभा होता. त्याने याचा झाडू मारतानाचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. पुढचे दोन दिवस हा आलाच नाही. सहाव्या दिवशी आई त्याला हाताला धरून घेऊन आली आणि मला म्हणाली, "जेलमा धाडी देतात ते बरं व्हतं बाई, तठे गाव त नही देखस."

तेव्हापासून मनात आहे, म्हणून विचारते. अशा माणसाला मानसिक आधार देणे हा शिक्षेचा भाग आहे का? असेल तर तो कोणी द्यायचा? माझ्याकडे फक्त त्याची हजेरीवही आहे.

केळीबाग
ताई, आधी आमच्या मनाचे विचारा. दोन वर्षांपूर्वी रावेर भागात ऐन मे महिन्यात माझ्या विहिरीची केबल गेली. चोराला भंगारात दोन-तीन हजार मिळाले असतील. मला नवी केबल घ्यावी लागली, ती बसेपर्यंत चार दिवस बागेला पाणी नव्हते, आणि निसवलेल्या केळीला त्या उन्हात चार दिवस पाणी नसणे म्हणजे काय हे ज्याची बाग आहे त्यालाच कळते. त्यानंतर कित्येक रात्री मी शेतात खाट टाकून झोपलो. माझ्याकडे कोणी समुपदेशक आला नाही. चोराला मात्र समुपदेशन! तार कापता येते त्याला जोडताही येत असेल, तेच काम द्या म्हणावे.

भरीत_पार्टी
केळीबाग यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. फक्त जोडताना मेन स्विच बंद आहे ना, हे पाहायला कोणीतरी उभे करावे, नाहीतर सामुदायिक सेवेची थेट जन्मठेप व्हायची.

कोर्टाची_पायरी
मी तालुका न्यायालयात वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये सामुदायिक सेवा ही शिक्षा म्हणून प्रथमच आली. ती मोजक्याच गुन्ह्यांना लागू आहे: लोकसेवकाने बेकायदा व्यापार करणे, उद्घोषणेनंतरही न्यायालयात हजर न होणे, लोकसेवकाला अडवण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे, पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, सार्वजनिक जागी दारू पिऊन गोंधळ आणि अब्रुनुकसानी. चोरीच्या बाबतीत माल किंवा त्याची किंमत परत केली असेल तर हीच शिक्षा द्यायची असते.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. ही सेवा म्हणजे काय, याची व्याख्या फौजदारी खटल्यांच्या कामकाजाच्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ खाली, एका स्पष्टीकरणात आहे: समाजाच्या उपयोगाचे, विनामोबदला काम. किती तास, कोणाच्या देखरेखीत, माणूस खचला तर काय, यांपैकी काहीही संहितेच्या मजकुरात नाही. त्यामुळे मानसिक आधार हा शिक्षेचा भाग नाही. तो नसावा, असेही कुठे लिहिलेले नाही.

एक सावधगिरीची सूचना. तो दोन दिवस आला नाही, ते वहीत जसेच्या तसे लिहा. दयेपोटी खोटी हजेरी लावू नका. सेवा टाळल्यास कैदेची तरतूद न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये आहे, म्हणून गैरहजेरीबरोबर तिचे कारणही त्याच दिवशी लिहून ठेवणे त्याच्याच हिताचे आहे. व्हिडिओचा प्रकारही अधीक्षकांना लेखी कळवा.

मनोज्ञा
मी जळगावात समुपदेशनाचे काम करते. केळीबाग यांचा राग मला रास्त वाटतो. शेतात खाट टाकून झोपण्याच्या त्या रात्रींबद्दल त्यांना कोणी विचारले नाही, हे चूकच झाले. पण त्यांना आधार मिळाला नाही म्हणून दुसऱ्यालाही मिळू नये, या हिशेबात दोघेही उपाशी राहतात.

आता त्या मुलाबद्दल. लाज आणि पश्चात्ताप या दोन गोष्टी आपण एकच समजतो. "मी वाईट काम केले" असे वाटणारा माणूस नुकसान भरून द्यायला पुढे येऊ शकतो. "मीच वाईट आहे" असे वाटणारा तोंड लपवतो, कामावर यायचे बंद करतो, घरात चिडतो आणि कधी जिवाचे बरेवाईट करून घेतो. शवविच्छेदन खोलीच्या मागे जाऊन पाणी पिणे हे मला दुसऱ्या प्रकारातले दिसते. त्याच्या झोपेची आणि जेवणाची चौकशी करा. जगणे नकोसे झाले आहे का, हेही त्याला सरळ शब्दांत विचारा. असे विचारल्याने मनात नसलेली गोष्ट डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रात्री-अपरात्री घरच्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक उपयोगी पडेल. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

पांझराकाठ
मनोज्ञाताई, मी एक चूक करून बसले आहे, ती इथे कबूल करते. आमच्या रुग्णालयात समुपदेशक म्हणजे आयसीटीसीच्या ताई, एचआयव्ही तपासणीच्या. त्या फार समजूतदार आहेत, म्हणून मी त्याला म्हटले, जरा त्यांच्याशी बोल. तो त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर दहा मिनिटे बसला. तेवढ्यात तिथून त्याच्या गल्लीतल्या दोन बायका गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला गावात विचारणा झाली, की मुलाला "ती" बिमारी आहे का. म्हणजे एका बदनामीवर औषध म्हणून मी दुसरी बदनामी दिली.

सातपुडा_वाट
तुम्ही हे लिहिलेत ते बरे केले. मी धडगाव भागात शिक्षक आहे. आमच्याकडे आणखी एक अडचण येते, ती भाषेची. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या पोराला प्रमाण मराठीत "तुला कसे वाटते?" असे विचारले, की तो "बरं वाटतं साहेब" म्हणतो आणि विषय संपतो. पोलीस, तलाठी, वनरक्षक, मास्तर, सगळे त्याच्याशी याच भाषेत बोलत आलेले असतात, त्यामुळे ती त्याच्या लेखी चौकशीची भाषा आहे. धुळ्या-जळगावात तुमचे निम्मे काम अहिराणीने होईल. आमच्याकडे तेवढ्याने भागत नाही.

शिवाय काही समाजांवर चोरीचा शिक्का कायद्यानेच मारला गेला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पारध्याच्या पोराने आवारात झाडू हातात घेतला की पाहणाऱ्याच्या मनात तो कायदा अजून जिवंत असतो. त्याच्या बाबतीत पाच हजारांची चोरी त्याची एकट्याची राहत नाही, ती सगळ्या तांड्याच्या नावावर लिहिली जाते. अशा पोराला एकट्याला खोलीत बसवून मनाचे काय विचारणार?

भरीत_पार्टी
आमच्या गावात माणसाला विचारले की काय चालले आहे, तर शेजारी उत्तर देतो. समुपदेशन खासगीत कसे होणार?

निवृत्त_परिवीक्षा
मी परिवीक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली, आता अमळनेरला असतो. या चर्चेत एक जुनी गोष्ट विसरली जात आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात माणसाला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सोय आहे. त्यातल्या कलम १४ मध्ये परिवीक्षा अधिकाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत, त्यांत देखरेखीतल्या माणसाला सल्ला देणे, मदत करणे आणि गरज पडेल तिथे काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणे हे येते. म्हणजे आधाराची कल्पना आपल्या कायद्यात साठ वर्षांहून जुनी आहे. नव्या सामुदायिक सेवेला मात्र असा अधिकारी आपोआप जोडलेला नाही. काम रुग्णालय देते, वही रुग्णालयाकडे राहते, अहवाल न्यायालयात जातो आणि मधल्या जागेत माणूस एकटा असतो.

माझा अनुभव सांगतो. मी एसटीने गावोगावी जात असे. सुरुवातीला सरळ घरी जायचो आणि दहा मिनिटांत सगळी गल्ली ओट्यावर जमायची. पुढे मी शहाणा झालो. बाजाराच्या दिवशी त्या माणसाला तालुक्याला बोलवायचे आणि रसवंतीवर बसायचे. तिथे दोन माणसे बोलत बसली तर कोणी वळून पाहत नाही. एकाने सहा महिने मला ऊस आणि बैलांखेरीज काही सांगितले नाही. सातव्या महिन्यात बायको माहेरी गेल्याचे सांगितले आणि मग चोरी का केली तेही सांगितले. मी काही मानसशास्त्र शिकलेलो नव्हतो. पण मी दर महिन्याला येणार, हे त्याला माहीत होते.

कोर्टाची_पायरी
काकांच्या बोलण्याला एक छेद द्यावासा वाटतो. तुम्ही रसवंतीवर ऐकलेले सगळे अहवालात लिहीत होतात का? कारण खरी गाठ तिथेच आहे. जो माणूस न्यायालयाला अहवाल देतो, त्याच्यासमोर मन मोकळे करणे म्हणजे कबुलीजबाब देणे, असे माझ्या अशिलांना वाटते आणि मी वकील म्हणून त्यांना तसे वाटू देतो.

निवृत्त_परिवीक्षा
सगळे लिहीत नव्हतो. काय लिहायचे नाही हे ठरवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. तुमचा आक्षेप मान्य आहे.

थेम्सकाठी_खान्देशी
मूळचा दोंडाईचाचा, सध्या इंग्लंडमध्ये आहे. इथे ही शिक्षा १९७० च्या दशकापासून आहे. विनावेतन कामाचे तास आता २०२० च्या शिक्षाविषयक कायद्यानुसार ४० ते ३०० या मर्यादेत ठरवतात. त्याच कायद्यात शिक्षेला मानसिक उपचाराची अट स्वतंत्रपणे जोडता येते, मात्र त्यासाठी त्या माणसाची तयारी असावी लागते. तयारी नसेल तर न्यायालय अशी अट घालू शकत नाही.

तरीही इथले सगळे आदर्श आहे असे समजू नका. २००८ पासून या कामावरच्या लोकांना पाठीवर मोठी अक्षरे लिहिलेले भडक नारिंगी जाकीट घालायला लावतात, का तर शिक्षा लोकांना दिसावी. एकीकडे उपचाराची सोय करायची आणि दुसरीकडे पाठीवर पाटी लावायची. तुमच्या त्या व्हिडिओवाल्याने सरकारचे कापड तेवढे वाचवले.

केळीबाग
शिक्षा दिसू नये, असे सगळ्यांचे म्हणणे दिसते. मग ती शिक्षा कसली? आमच्या गावात लोक चार दिवस बोलतात, पाचव्या दिवशी विसरतात. त्या चार दिवसांच्या भीतीने दहा जण चोरी करत नाहीत.

मनोज्ञा
शिक्षा न्यायालयाने दिली आहे आणि ती चार तासांच्या कामाची आहे. स्टेटसवरचा व्हिडिओ न्यायालयाने दिलेला नाही. आपला वाद त्या व्हिडिओबद्दल आहे. आणि गाव पाचव्या दिवशी विसरते, हे ज्याच्याबद्दल बोलले गेले त्याला विचारून पाहावे.

वकीलसाहेबांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हजेरी घेणारा आणि ऐकून घेणारा ही दोन वेगळी माणसे हवीत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ मध्ये उपचारातल्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कायद्यात काही अपवाद आहेत, पण "शिक्षा देणाऱ्याला उत्सुकता वाटली" हा त्यांतला नाही. न्यायालयाला कळायचे ते एवढेच, की माणूस आला आणि काम केले.

तुमच्या यादीतल्या आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलही बोला ना. कार्यालयासमोर रॉकेल ओतून घेणाऱ्याला आपण झाडू देणार आहोत का?

कोर्टाची_पायरी
ते न्याय संहितेचे कलम २२६. आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा ठरवणारे जुन्या दंड संहितेचे कलम ३०९ गेले, पण लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा सामुदायिक सेवा होऊ शकते. दुसरीकडे २०१७ च्या अधिनियमाचे कलम ११५ म्हणते, की असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरावे आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी. त्या कलमात उल्लेख जुन्या ३०९ चा आहे, त्यामुळे २२६ खालच्या माणसाला त्याचे छत्र मिळते की नाही, यावर न्यायालयात वाद घालता येतो. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेला शेतकरी या कलमात सापडला, तर या धाग्याचा प्रश्न त्याच्यासाठी सर्वांत आधी विचारावा लागेल.

सातपुडा_वाट
थोडे विषयांतर. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, याचा आपल्याला अभिमान आहे. शिक्षा भोगणाऱ्याच्या मनाला आधार द्यायची परंपरा खान्देशात आहे, असे म्हणायला हरकत नाही.

निवृत्त_परिवीक्षा
हरकत थोडी आहे, गुरुजी. ते सत्याग्रही स्वतःहून आत गेले होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता. केबल चोरणाऱ्या पोराकडे नेमका तोच नसतो. मी उमेदीच्या काळात प्रवचने ठेवून पाहिली आहेत. लोक चहा येईपर्यंत बसत.

नवा_सभासद_७
मी इथे नेहमी वाचतो, लिहितो पहिल्यांदाच. मी स्वतः ही शिक्षा भोगली आहे. बसस्थानकावर दारू पिऊन गोंधळ घातला, न्याय संहितेचे कलम ३५५. दोन दिवस एका सरकारी आवारात सफाई. आवार कुठले ते लिहीत नाही.

पहिल्या दिवशी मी घाबरून प्यायलो नाही. दुपारी हात थरथरायला लागले, घाम सुटला, झाडू धरवेना. देखरेखीचे साहेब म्हणाले, नाटके करू नको. सफाईवाल्या मुकादमाने ओळखले, त्याचा मोठा भाऊ असाच गेला होता. तो मला सावलीत बसवून डॉक्टर घेऊन आला. डॉक्टरांनी सांगितले, की रोज पिणाऱ्याची दारू एकदम सुटली तर काही तासांत थरथर सुरू होते आणि पहिल्या दोन दिवसांत झटकेसुद्धा येऊ शकतात. मला गोळ्या मिळाल्या आणि नंतर जिल्हा रुग्णालयात पाठवले. आता नऊ महिने झाले. पूर्ण सुटली असे म्हणत नाही, एकदा घसरलो.

साहेबांनी दोन्ही दिवस व्यसनावर भाषण दिले, त्यातले मला एक वाक्य आठवत नाही. मुकादमाने मला "भो", म्हणजे भाऊ, म्हणून हाक मारली होती, ती आठवते.

मनोज्ञा
तुम्ही लिहिलेत, आभार. दारूच्या प्रकरणात पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी तपासणे अत्यावश्यक आहे, हे यापुढे मी कोणाशीही बोलताना तुमचे नाव-गाव न घेता सांगेन. घसरणे हा आजाराचा भाग आहे. उपचार तेवढे सोडू नका.

केळीबाग
नवा सभासद, नऊ महिने म्हणजे थोडे नाहीत. माझ्या चुलत्याला नऊ दिवसही जमले नव्हते.

कोर्टाची_पायरी
पांझराकाठ, एक विचारायचे राहिले. निकालपत्रात नेमके शब्द काय आहेत? "झाडलोट" असे लिहिले असेल तर बदल अवघड, कारण सही झालेला निकाल न्यायालयाला स्वतःलाही बदलता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०३ नुसार फक्त लेखनातल्या किंवा हिशेबातल्या चुका दुरुस्त होतात. पण शब्द मोघम असतील, तर काम कोणते द्यायचे हे तुमच्या अधीक्षकांच्या हातात आहे.

पांझराकाठ
आदेश पुन्हा काढून वाचला. "वैद्यकीय अधीक्षक सांगतील ते रुग्णालयोपयोगी काम" असे लिहिले आहे. झाडू आम्हीच हातात दिला होता. शिक्षा म्हटल्यावर आमच्या कोणाच्या डोक्यात दुसरे काही आलेच नाही.

केळीबाग दादा, तार जोडायचे काम द्या, हे तुम्ही रागाने लिहिलेले वाक्य मी अधीक्षकांना वाचून दाखवले. ते हसले. मग त्याला बोलावून विचारले, तर तो दोन वर्षे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. दुकान बंद पडल्यावर बसून होता. आमच्या वॉर्डांत अकरा कूलर आहेत, त्यांतले चार महिनाभर नुसते आवाज करत होते.

निवृत्त_परिवीक्षा
बाई, जपून. विजेच्या कामात इजा झाली तर जबाबदारी कोणाची, आणि ज्या वायरमनला तुम्ही या कामाचे पैसे देता त्याचे पोट मारले जाणार का, याचा आधी विचार करा. फुकटच्या हातांची संस्थांना फार लवकर सवय लागते.

पांझराकाठ
काका, अधीक्षकांनीही हेच म्हटले. वायरिंगला तो हात लावत नाही, ते आमचा वायरमनच करतो. कूलरचे गवत बदलणे, टाक्या घासणे, प्लग काढून पंपातला क्षार साफ करणे आणि पाणी भरणे एवढेच काम त्याला दिले आहे. आवारात मोबाइलने चित्रीकरण करू नये, अशी पाटीही लागली. व्हिडिओ काढणाऱ्याने स्टेटस आधीच काढून टाकले होते, पण गावात तो फिरायचा तेवढा फिरला.

मनोज्ञाताईंनी सांगितलेले सगळे प्रश्न मी विचारले, अहिराणीत विचारले. झोप नाही, म्हणाला. जिवाचे काही करावेसे वाटते का, यावर बराच वेळ कूलरच्या जाळीकडे पाहून म्हणाला, "पहिले वाटे, आते नही." डॉक्टरांनी त्याच दिवशी त्याला तपासले. घरी आईने काय लक्ष ठेवायचे, हेही तिला समजावून सांगितले.

रुमाल अजून सुटलेला नाही. पाणी मात्र व्हरांड्यातल्या माठाचे पितो.

बुधवारी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक आले. या वेळी त्याला कोणाच्या दाराबाहेर बसवले नाही. ड्रेसिंगच्या खोलीतला कूलर बंद आहे, म्हणून त्याला तिकडे पाठवले आणि डॉक्टर मागच्या दाराने आत गेले. दोघे वीस-पंचवीस मिनिटे आत होते. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. हजेरीवहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: "ड्रेसिंग रूम, कूलर क्रमांक ७, गवत बदलले. वेळ पूर्ण."